उंबरज्यांच्या कपाटातली चादर

सोमवारी सकाळी मडिवाळप्पा उंबरजे यांनी बेडरूममधलं लोखंडी कपाट उघडलं, थप्पीतली वरून चौथी चादर काढली, उलगडली आणि ते पलंगावर मटकन बसले. चादरीवर दोन मोर होते.

मोरांशी त्यांचं वैर नव्हतं. सोलापुरात राहून चादरीवरच्या मोराशी वैर धरणाऱ्या माणसाला दुसरं गाव बघावं लागतं. पण गेल्या मंगळवारी त्यांनी स्वतःच्या हातानं वरून चौथी म्हणून जी चादर ठेवली होती, तिच्यावर मोर नव्हता.

"सिद्धेश्वरी!"

लग्नाला सदतीस वर्षं झाली होती. बायकोचं पूर्ण नाव ते फक्त शेअर बाजार कोसळला की घेत. सिद्धेश्वरीबाई हातातलं लाटणं तसंच घेऊन आल्या.

"वरून चौथी कुठंय?"

"कुठली? ती विटकरी रंगाची? दिली की."

"दिली? कुणाला दिली?"

"अनिलकुमारना. पोरगं रेल्वेत लागलं म्हणून गुरुवारी पेढे घेऊन आले होते. मग काय, मोकळ्या खांद्यानं पाठवायचं का त्यांना?"

यात सिद्धेश्वरीबाईंचं काही चुकलं होतं असं सोलापुरातलं कोणीही म्हणणार नाही. या गावात माणसाचं काहीही बरं झालं की त्याच्या खांद्यावर चादर पडते. तो दहावी पास झाला की पडते, निवृत्त झाला की पडते, गुडघा बदलून घरी आला तरी पडते. इतर गावांत शालीवर भागतं. सोलापूरकराला शाल म्हणजे चादर द्यायची राहून गेली असं वाटतं. आलेली चादर प्लास्टिकच्या पिशवीतून न काढता कपाटात जाते आणि पुढच्या सत्काराला बाहेर पडते. वीस वीस वर्षं नुसत्या खांद्यांवरून फिरलेल्या, पण अंगावर एकदाही न पडलेल्या चादरी या शहरात आहेत. त्यांना कुणी थंडी म्हणजे काय विचारलं तर सांगता येणार नाही.

या पद्धतीत एकच धोका असतो. ज्यानं चादर दिली, त्यालाच ती परत जाणं. त्यावर सिद्धेश्वरीबाईंनी लग्नानंतर पहिल्याच वर्षी उपाय काढला होता. प्रत्येक चादरीच्या आतल्या घडीत टाचणीनं एक चिठ्ठी लावायची. चिठ्ठीवर दोन ओळी. पहिली, 'कुणाकडून'. दुसरी, 'ह्यांना परत देऊ नये'. देताना चिठ्ठी काढून घ्यायची. सदतीस वर्षांत एक चूक नाही. मुंबईतल्या बड्या बड्या वित्तसंस्थांत मडिवाळप्पांनी इतका चोख कारभार पाहिला नव्हता, आणि हे त्यांनी चारचौघांत कबूल केलेलं होतं.

"तिच्यावर चिठ्ठी नव्हती," ते म्हणाले. "तुला शंका नाही आली?"

"आली की. चिठ्ठी नाही म्हणजे काय? ठेवलेली तुम्हीच असणार, म्हणून बुधवारी मीच लावली." मग त्यांचं लक्ष नवऱ्याच्या चेहऱ्याकडे गेलं. "का हो? कसली होती?"

"अल्लाउद्दीन चाचांची."

सिद्धेश्वरीबाईंच्या हातातलं लाटणं पलंगावर पडलं.

इथं थोडं मागं जायला हवं. मडिवाळप्पा चौतीस वर्षं मुंबईत होते. पाच-सहा जुन्या श्रीमंत घराण्यांची संपत्ती कुठं गुंतवायची, कुठून काढायची, कोणत्या पुतण्याच्या हाती लागू द्यायची नाही, हे ते ठरवत. अशा माणसाला फॅमिली इन्व्हेस्टमेंट बँकर म्हणतात. त्यांची आई निंगव्वा गल्लीत सांगायची, "मडिवाळ ब्यांकेत हाय." त्यामुळं दिवाळीला घरी आले की दारात शेजारीपाजारी पासबुकं घेऊन बसलेले असत. ज्यांच्या एका फोनवर गिरण्या विकल्या जात, ते मडिवाळप्पा निमूटपणे लोकांचे पैसे काढायचे फॉर्म भरून देत. एकालाही त्यांनी 'हे माझं काम नाही' असं सांगितलं नाही. तो त्यांचा अभिमान होता.

चित्रांचा नाद त्यांना त्या श्रीमंतांच्या दिवाणखान्यांत लागला. घरधनी आकड्यांकडे बघत, हे भिंतीकडे. पहिलं चित्र विकत घेऊन त्यांनी सोलापूरला आणलं तेव्हा निंगव्वानं ते बराच वेळ निरखलं.

"ह्यात देव कुठला?"

"देव नाही, अव्वा."

"मग माणूस?"

"माणूसही नाही."

"मग भिंतीला ओल आली व्हय?"

निवृत्त होऊन मडिवाळप्पा जुळे सोलापुरात बंगला बांधून राहिले तेव्हा त्यांच्याकडे अशी ओल झाकणारी साठ-सत्तर चित्रं होती. पण गावात आल्यावर त्यांची नजर दुसरीकडे वळली. बंद पडलेल्या गिरण्यांतून ते चौकटींच्या कागदावर हातानं रंगवलेले चादरींच्या नक्षीचे नकाशे गोळा करू लागले, मागावरची, नक्षी ठरवणारी भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं, जुने नमुने. "आमच्या गावानं अख्ख्या देशाला पांघरूण घातलं," ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "आणि एकाही विणकराचं नाव कुणाला माहीत नाही!" एवढं म्हणताना त्यांची छाती फुगत असे, आणि मग नावांची आठवण होऊन खालीही बसत असे.

ती विटकरी चादर त्यांना सुताच्या एका गोदामात तराजूवर पांघरलेली सापडली होती. तिच्या काठावर गिरणीची चिमणी आणि कामाची पाळी सुटून डबा घेऊन चाललेले वीस कामगार होते. एकोणीस गिरणीतून बाहेर पडत होते. एकच उलटा, गिरणीकडे चालला होता.

मागावर नक्षी एकदा बसवली की तीच पुन्हा पुन्हा उमटते. वीस माणसं एका दिशेला चालवणं हे रोजचं काम. पण त्यातला एकच फिरवायचा तर त्याच्यासाठी वेगळी कार्डं पाडावी लागतात, आणि तेवढा खटाटोप कोणी शहाणा करत नाही. मडिवाळप्पा तीन वर्षं तो खटाटोप करणारा माणूस शोधत होते. तो शास्त्रीनगरातल्या एका घरात, आरामखुर्चीत सापडला. अल्लाउद्दीन चाचा, वय चौऱ्याऐंशी.

"त्यो मीच की," चाचा चादरीवर बोट ठेवून म्हणाले होते. "पाळी सुटली की समदे घरी. मला मात्र मागाची याद यायची, परत जायचो बघायला. मॅनेजर बोलला, यात चूक हाय, कार्डं जाळून टाक. जाळली. ही एकच राहिली."

तेव्हा मडिवाळप्पांनी शब्द दिला होता. बंगल्याचा हॉल रंगवून तिथं प्रदर्शन करायचं. समोरच्या मोठ्या भिंतीवर एकच वस्तू, ही चादर. आणि खाली पितळी पाटीवर विणकराचं नाव. येत्या रविवारी अकरा वाजता. मुंबईच्या एका संग्रहालयाच्या फिरदोस मॅडम खास येणार होत्या. चाचांनी शेरवानी धुवायला टाकली होती. चौऱ्याऐंशी वर्षांत त्यांचं नाव रेशनकार्डाखेरीज कुठं लिहिलं गेलं नव्हतं.

हॉलमध्ये रंगारी आले, तेव्हा मडिवाळप्पांनी चादर उतरवून साध्या प्लास्टिकच्या पिशवीत घातली आणि बायकोच्या थप्पीत लपवली. चोर तिजोरी फोडेल, चादरींची थप्पी कोण उचकटतंय, असा त्यांचा हिशोब होता. चौतीस वर्षांत त्यांचा हिशोब चुकला नव्हता, तो इथं चुकला. आणि बायकोला सांगायचं राहिलं, कारण तिजोरीची जागा जितक्या कमी लोकांना माहीत तितकी बरी, हा त्यांचा धंद्यातला नियम होता.

"चला," सिद्धेश्वरीबाई पदर खोचून म्हणाल्या. "पण बोलायचं मी. तुम्ही तोंड उघडलंत की दुर्मीळ वगैरे म्हणाल आणि लोक ती कुलपात ठेवतील."

अनिलकुमार चार गल्ल्या सोडून राहत. त्यांनी मोठ्या आनंदानं स्वागत केलं.

"वहिनी, काय चादर होती हो तुमची! रोज पांघरतो आम्ही. ऊब म्हणजे ऊब!"

"तिच्यात ना, आमच्या ह्यांची एक चिठ्ठी राहिली असावी असं वाटतं. बघता का जरा?"

"आत्ता आणतो की," असं म्हणून अनिलकुमार उठले आणि उभेच राहिले.

आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "कुठली हो? ती उलट्या माणसाची? ती नाही का आपण शुक्रवारी कुर्डुवाडीला प्रभुसाहेबांना दिली!"

अनिलकुमारांनी छताकडं पाहिलं. मग ते मोकळेपणानं म्हणाले, "खरं सांगतो वहिनी, राग मानू नका. पोराचे फोरमन रिटायर झाले. आणि तुम्हाला दुकानदारानं फसवलं होतं. वरच्याच घडीत एक माणूस उलटा छापलाय. म्हटलं, आपल्या घरात उलटा माणूस नको."

"छापलेला नाही, विणलेला," मडिवाळप्पा म्हणाले. सिद्धेश्वरीबाईंनी त्यांच्या पायावर पाय दिला.

निघताना अनिलकुमारांनी त्यांना थांबवलं. "साहेब पहिल्यांदा घरी आलात. असं कसं जाऊ देईन?" आणि मडिवाळप्पांच्या खांद्यावर चादर टाकली. तिच्यावर मोर होते.

दुपारी एकला त्यांची गाडी कुर्डुवाडीत पोचली. फोरमन प्रभु यांच्या घरी शुक्रवारच्या निरोप समारंभाचा हार अजून दारावर होता आणि ते स्वतः वर्तमानपत्र उलटसुलट वाचत होते, कारण निवृत्तीचा तिसराच दिवस होता आणि दुसरं काही सुचत नव्हतं.

"आमचे हे चादरींचा अभ्यास करतात," सिद्धेश्वरीबाई म्हणाल्या. "तुम्हाला परवा पुष्कळ आल्या असं ऐकलं."

प्रभु यांचा चेहरा उजळला. "या, या! दाखवतो की!" खाटेवर चादरींचा डोंगर होता. "एकतीस! वर्कशॉपमध्ये आजवर कुणाला एवढ्या आल्या न्हाईत. मागच्या फोरमनला सव्वीसच." त्यांनी प्रत्येक चादर उलगडून, कुणी दिली, तो माणूस कसा, त्याचा हात कामात कसा बसलेला हे सविस्तर सांगितलं. मडिवाळप्पा एकेका चादरीवर डोळे फिरवत होते. अडीच वाजता एकतिसावी संपली.

"बत्तिसावी नव्हती का?" मडिवाळप्पांना राहवलं नाही.

प्रभु चमकले. "तुम्हाला कसं कळलं? होती एक. पण बाद. तीस वर्षं इंजिनाचे पार्ट तपासलेत साहेब, उलटा बसलेला पार्ट माझ्या नजरेतनं सुटायचा न्हाय. एकोणीस बरोबर, एक उलटा. माझ्या हाताखाली असा माल आला असता तर मी परत धाडला असता."

"मग कुठं धाडली?"

"सासूबाईंना, केमला," ते सहज म्हणाले. मग दाराकडं बघून आवाज उतरवला. "त्यांना डोळ्याला कमी दिसतं ना."

त्यांनीही चादर दिली. एकतिसांतली एक कमी होताना त्यांच्या जिवावर आलं होतं, हे त्यांनी शेवटपर्यंत जाणवू दिलं नाही. दोन मोर मागच्या सीटवर बसले होतेच, त्यांच्यावर आणखी दोन बसले.

"एक प्रश्न विचारू?" केमच्या वाटेवर सिद्धेश्वरीबाई म्हणाल्या. "ती चादर इतकी मोठी कला आहे, तर बघणाऱ्या एकालाही ती कशी कळत नाही?"

हाच प्रश्न मडिवाळप्पांना निंगव्वा गेली तेव्हापासून छळत होता.

केमला प्रभु यांच्या सासूबाई, शिवबाई, ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. वय पंच्याहत्तर, एका डोळ्यावर हिरवी पट्टी, दुसरा डोळा गरुडासारखा.

"मावशी," सिद्धेश्वरीबाईंनी सुरुवात केली, "जावयांनी एक चादर दिली होती ना तुम्हाला? विटकरी?"

"व्हय की. उलट्या मानसाची."

"दिसला तुम्हाला?" मडिवाळप्पा पुढं सरकले.

"न दिसायला काय झालं? ह्यो डोळा नवा हाय, म्हैना झाला आपरेशनला! जावायाला वाटलं म्हातारीला दिसत न्हाय. पट्टी दुसऱ्या डोळ्याला हाय, ह्ये त्येला ठावं न्हाय." त्या खुदकन हसल्या. "पर कसला झ्याक व्हता त्यो मानूस! समदी मेंढरावानी निघाल्यात, आन् ह्यो येकला म्हनतोय, थांबा, माजं काम हाय तितं. मी म्हनलं, ह्यो शाना हाय."

मुंबईत मडिवाळप्पांनी चित्रांवरची इंग्रजीत केलेली पुष्कळ भाषणं ऐकली होती. त्यांतल्या एकालाही चित्र इतकं नेमकं कळलेलं त्यांना आठवत नव्हतं.

"मग कुठंय ती, मावशी?"

"दिली की. डाक्टरला. शनवारी आला व्हता हितं, समद्यांचं डोळं तपासाय. ताबीश डाक्टर. त्येनंच मला नवा डोळा दिला."

"पण तुम्हाला तर आवडली होती!"

शिवबाईंनी त्यांच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "आवडली म्हून तर दिली. वंगाळ वस्तू डाक्टरला कशी द्याची, सांग की?"

तोवर ती चादर नको म्हणून पुढं सरकत आली होती. हवी म्हणून देणारी ही पहिलीच. निघताना शिवबाईंनी त्यांच्या खांद्यावर चादर टाकली आणि सिद्धेश्वरीबाईंच्या ओटीत दोन ओंजळी शेंगा.

डॉ. ताबीश सोलापूरचेच, ओळखीतले. गाडी कुर्डुवाडी ओलांडत असताना सिद्धेश्वरीबाईंनी त्यांना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"ती चादर? हां, हां, काकू. काय झालं, काल आमच्या मोहल्ल्यात वाचनालयाचा वर्धापनदिन होता. आयत्या वेळी कळलं, सत्काराची चादर आणायचं कुणाच्याच लक्षात नाही. सोलापुरात! म्हटलं, गाडीत एक आहे. तीच दिली."

"कुणाला दिली, बाळा?"

"मोहल्ल्यातले सगळ्यात जुने विणकर आहेत ना, त्यांना. अल्लाउद्दीन चाचा."

मडिवाळप्पांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. मागून आलेला उसाचा ट्रॅक्टर भोंगा वाजवून पुढं गेला.

"चला, झालं," अखेर सिद्धेश्वरीबाई म्हणाल्या. "ज्याची होती त्याच्याच घरी आहे. उद्या जायचं, खरं सांगायचं, रविवारसाठी घेऊन यायची."

"खरं काय सांगायचं? की चाचा, तुमची आयुष्यभराची एकुलती एक वस्तू मी जपतो म्हणालो, आणि ती तीन घरांनी एकमेकांच्या गळ्यात मारली?"

"दोन घरांनी," सिद्धेश्वरीबाई म्हणाल्या. "शिवबाईंनी नाही."

मंगळवारी सकाळी दोघं शास्त्रीनगरात गेले. दारातूनच चादर दिसली. समोरच्या भिंतीवर चार खिळ्यांना ताणून लावलेली, वर झेंडूचा हार. खाली खुर्चीत अल्लाउद्दीन चाचा, आणि शेजारपाजारचे सात-आठ जण. चाचा त्यांना उलटा माणूस दाखवत होते.

"या साहेब, या! माजिदा, चाय ठेव. साहेब आले." चाचा उठून उभे राहिले. गुडघे दुखत असूनही उभे राहिले. "ह्येच ते साहेब," त्यांनी जमलेल्यांना सांगितलं. "क्या बोलू तुम्हाला! माझ्या घरी येऊन बोलले, चाचा, चादरीखाली तुमचं नाव लिवणार. मी बोललो, नाव लिवलं तरी बहोत हाय. आन् केलं काय? चादरच पाठवली! डॉक्टरच्या हातनं! स्टेजवर! स्वतःचं नाव पन येऊ दिलं न्हाय!"

मडिवाळप्पांनी तोंड उघडलं.

"काही बोलू नका," चाचा हात वर करून म्हणाले. "मला समजलं. बडे लोक असंच देतात. ह्या हातानं दिलेलं त्या हाताला कळू देत न्हाईत." त्यांनी खांदा चाचपला. "खांद्यावर पडली तेव्हा आधी वजनावरनं कळलं. मी बोललो, हे तर माझं सूत हाय. चाळीस वरसं लोकांच्या अंगावर घातली साहेब, माझ्या अंगावर माझी चादर पहिल्यांदा पडली."

आतून चहा घेऊन आलेल्या माजिदाचाचींनी पदरानं डोळे टिपले. शेजाऱ्यांनी मडिवाळप्पांकडे अशा नजरेनं पाहिलं की त्या नजरेइतकी किंमत त्यांनी आयुष्यात एकाही चित्राला दिली नव्हती.

ते चहा प्यायले. साखर घातलेली नव्हती की जास्त होती, हे त्यांना नंतर आठवेना.

"मागितली नाहीत," गाडीत बसल्यावर सिद्धेश्वरीबाई म्हणाल्या.

"नाही."

"रविवारचं काय?"

मडिवाळप्पांनी थोडा विचार केला. श्रीमंत घराण्यांनी कोट्यवधींचे वाद त्यांच्यापुढं आणले होते. त्यांतून वाट काढताना ते असेच समोरच्या काचेकडे बघत. "पाटी बदलायला टाकतो," ते म्हणाले. "आणि चाचांकडून चादर दोन तासांपुरती उसनी मागतो. संग्रहालयं एकमेकांकडून मागतात तशी."

"इतके दिवस ती तुमची होती."

"इतके दिवस ती माझ्याकडे होती," मडिवाळप्पा म्हणाले आणि हे आपल्याला आधी का सुचलं नाही याचं त्यांना नवल वाटलं.

रविवारी अकरा वाजता बंगल्याचा हॉल भरला. अनिलकुमार आले, कुर्डुवाडीहून प्रभु आले, त्यांच्याबरोबर केमहून शिवबाई आल्या, डॉ. ताबीश आले. समोरच्या मोठ्या भिंतीवर विटकरी चादर होती आणि खाली पितळी पाटी: 'विणकर: अल्लाउद्दीन. संग्राहक: अल्लाउद्दीन.' शेरवानीतले अल्लाउद्दीन चाचा पाटीशेजारी इतके ताठ उभे होते की काही पाहुण्यांनी आधी त्यांनाच प्रदर्शनातली वस्तू समजून निरखलं. पाटी वाचता येणाऱ्यानं एकदा वाचली. चाचांनी ती प्रत्येकाकडून मोठ्यानं वाचून घेतली.

अनिलकुमार चादरीपुढं आले आणि थबकले. प्रभु त्यांच्यामागून आले आणि तेही थबकले. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

"मी पहिल्यांदाच म्हणालो होतो," अनिलकुमार मोठ्यानं म्हणाले, "ह्यात काहीतरी विशेष आहे."

"माझ्या नजरेनंही पकडलं होतं," प्रभु म्हणाले. "नेमका तोच माणूस पकडला होता."

शिवबाई फक्त चाचांकडं बघून, नंतर चादरीतल्या माणसाकडं बघून म्हणाल्या, "त्योच हाय. नाक बी तसंच."

फिरदोस मॅडम चादरीपुढं वीस मिनिटं उभ्या होत्या. मग त्यांनी वही काढली.

"अप्रतिम आहे. चाचा, आमच्याकडे कलाकृतीबरोबर तिचा प्रवासही नोंदवतात. कुणाकडून कुणाकडे गेली, आपल्याकडे कशी आली. याबद्दल काही सांगता येईल?"

अनिलकुमार जमिनीकडे बघू लागले. प्रभु यांना छताचं प्लास्टर तपासण्यासारखं वाटलं.

"मी सांगतो की," डॉ. ताबीश म्हणाले आणि त्यांनी निष्पापपणे सगळं सांगितलं. जिथं त्यांना माहीत नव्हतं तिथं शिवबाईंनी भर घातली आणि जावयाकडून अनिलकुमारांचं, अनिलकुमारांकडून उंबरज्यांचं नाव वदवून घेतलं. फिरदोस मॅडम भराभर लिहीत होत्या. "जुळे सोलापूर, कुर्डुवाडी, केम, परत सोलापूर... आणि प्रत्येक वेळी सन्मान म्हणून! इतका समृद्ध प्रवास मी फार थोड्या वस्तूंचा पाहिलाय. याचा काही कागद आहे का? पहिल्या देणगीचा?"

मडिवाळप्पांनी बायकोकडे पाहिलं. कागद कुठला असणार?

"हाय की," अल्लाउद्दीन चाचा म्हणाले. त्यांनी शेरवानीच्या आतल्या खिशातून घडी घातलेली एक चिठ्ठी काढली. तिला टाचणी होती. "चादरीच्या आतल्या घडीत सापडली. माजिदानं वाचून दाखवली. कायम जवळ ठेवतो." त्यांनी ती फिरदोस मॅडमच्या हातात दिली. मॅडमनी मोठ्यानं वाचलं.

"'कुणाकडून: आमच्या ह्यांच्याकडून. ह्यांना परत देऊ नये.'"

सिद्धेश्वरीबाईंची सदतीस वर्षांतली पहिली चूक, देताना काढायची राहिलेली चिठ्ठी, त्यांच्याच अक्षरात भर सभेत वाचली गेली होती.

"बघा साहेब," चाचा अभिमानानं म्हणाले. "'आमच्या ह्यांच्याकडून' म्हंजे ताईंनीच लिवलेलं, कितीबी हातांतनं आली तरी. म्हंजे नवरा-बायकोंनी मिळून ठरवलेलं. परत देऊ नये! एवढं पक्कं कोण लिवतं?"

"कोणी नाही," मडिवाळप्पा म्हणाले. आणि हे अगदी खरं होतं.

फिरदोस मॅडमनी चिठ्ठीचा फोटो घेतला, मग दबक्या आवाजात विचारलं, "चाचा, आमच्या संग्रहालयाला ही चादर देण्याचा विचार कराल?"

"मला त्यातलं काय कळतं?" चाचांनी मडिवाळप्पांच्या खांद्यावर हात ठेवला. "आमच्या घरची गुंतवणूक हे साहेब बघतात. त्यांना विचारा."

चौतीस वर्षं मडिवाळप्पांनी घराण्यांना सल्ला दिला होता. इतक्या मोठ्या घराण्यानं त्यांना कधी नेमलं नव्हतं. ते चादरीकडे बघत राहिले. संग्रहालयात ती कायमची सुरक्षित राहणार होती. आणि शास्त्रीनगरातल्या भिंतीवर रोज सकाळी एक म्हातारा माणूस तिच्यापुढं बसून चहा पिणार होता.

"सध्या विकू नका," ते म्हणाले. "चाचा आहेत तोवर जिथं आहे तिथंच राहू दे. पुढचं पुढं, संग्रहालय कुठं पळून जात नाही."

निघताना माजिदाचाचींनी पिशवीतून एक चादर काढली आणि चाचांनी ती मडिवाळप्पांच्या खांद्यावर टाकली. "रिकाम्या खांद्यानं कसं ठेवायचं तुम्हाला? तुमच्याच घरात तुमचा सत्कार!" चाचा हसले, भिंतीवरची चादर उतरवून काखोटीला मारली आणि रिक्षात बसले.

संध्याकाळी पाहुणे गेल्यावर सिद्धेश्वरीबाईंनी कपाट उघडलं. आठवड्यात आलेल्या चादरींनी थप्पी वाढली होती. चाचांची चादर ठेवण्यापूर्वी मडिवाळप्पांनी ती सहज उलगडली. दोन मोर. एरवीसारखे समोरासमोर. मग त्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं. उजवीकडच्या मोराची मान वळली होती. जोडीदाराकडे न बघता तो मागं, चादरीच्या बाहेर, कुणीतरी हाक मारल्यासारखा बघत होता.

"अगं," ते हळूच म्हणाले, "चाचांच्या घरी त्यांच्या हातची अजून एक होती."

सिद्धेश्वरीबाईंनी वाकून पाहिलं. मग चिठ्ठी आणि टाचणी घेतली. पहिल्या ओळीत लिहिलं, 'कुणाकडून: अल्लाउद्दीन चाचांकडून.' दुसऱ्या ओळीशी त्या थोडा वेळ थांबल्या. सवयीनं लिहिलेलं 'ह्यांना परत' खोडलं आणि पुढं लिहिलं, 'कुणालाच देऊ नये.'

आणि चादर थप्पीत न ठेवता त्यांनी ती पलंगावर अंथरली.